डिकी, स्टेपनी आणि फायनल एक्झिट

सौदीतल्या जुबैलमध्ये मराठी माणसं जेवायला जमली की भात येईपर्यंत कंपनीच्या गप्पा आणि ताक येईपर्यंत गाड्यांच्या, असा साधारण क्रम असतो. त्या शुक्रवारी आमच्या घरी तो मोडला. पोळ्या लाटता लाटताच बायको माझ्या धाकट्या भावाला म्हणाली, "भाऊजी, कॅमरी आता पुरे झाली. मला थ्री सिरीज घ्यायची आहे. मिळाली तर इस्टेट."

भाऊ इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये रिलायबिलिटी इंजिनिअर आहे. कुठला पंप कधी मान टाकणार, हे पंपाच्या आधी ओळखणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. बायको बारावीला केमिस्ट्री शिकवते. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली २४ जून २०१८ ला. त्यानंतर यथावकाश तिने दम्मामच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून लायसन्स काढलं आणि तेव्हापासून घरातली गाडी बहुतेक तीच चालवते. मी कंपनीच्या बसने जातो. हप्ते मात्र माझ्या खात्यातून जाणार असल्यामुळे या वादात मला श्रोत्याचं मानाचं स्थान होतं. जे ऐकलं ते खाली देतोय. मधेमधे तोंड घातलंय, त्याला इलाज नाही.

वादातल्या गाड्या आधी सांगून टाकतो. इस्टेट म्हणजे छप्पर मागेपर्यंत नेलेली सेडान. बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी-क्लास, ऑडी ए-फोर, लेक्सस आयएस, जेनेसिस जी-सेव्हन्टी हा एक वर्ग. लांबी पावणेपाच मीटरच्या अलीकडेपलीकडे, बिल्ला मोठ्या गाड्यांचा, आकार मध्यम. ऑडीने २०२४ मध्ये ए-फोरच्या जागी ए-फाइव्ह आणली, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात अजून ए-फोरच दिसते. लेक्सस ईएस या वर्गात काटेकोरपणे बसत नाही. ती जवळजवळ पाच मीटर लांब, पुढच्या चाकांवर चालणारी, कॅमरीच्याच पायावर बांधलेली. पण खोबरच्या शोरूममध्ये थ्री सिरीज बघून बाहेर पडलेलं गिऱ्हाईक पुढे ईएस बघायलाच जातं, त्यामुळे वादातून तिला वगळता येत नाही. शिवाय भाऊ तिचाच वकील.

भाऊजी : वहिनी, थ्री सिरीज चांगली आहे, त्यात वाद नाही. म्युनिकमध्ये. इथे ऑगस्टमध्ये बोनेटखाली काय होतं ते मला विचारा. बाहेर सत्तेचाळीस, सिग्नलला एसी फुल, आणि त्यात टर्बो. कूलिंगच्या लाइनीतले प्लॅस्टिकचे जोड, रबराचे पाइप, गॅस्केटं, सगळं शिजून निघतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबराचं आयुष्य निम्मं, असा आमच्याकडे ढोबळ नियम आहे.

वहिनी : तो आर्‍हेनियसचा नियम. बारावीला मीच शिकवते. पण आर्‍हेनियसने जपानी रबराला सूट दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

भाऊजी : सूट नाही, पण जपान्यांनी बिघडण्याच्या जागाच कमी ठेवल्यात. ईएस ३००एच घ्या. टर्बो नाही. अल्टरनेटर नाही. वेगळा स्टार्टर नाही. नेहमीचा गिअर बदलणारा गिअरबॉक्ससुद्धा नाही. अडीच लिटरचं साधं इंजिन आणि दोन मोटारी. गाडीत जे नाहीच, ते बदलायला मला कोण सांगणार?

वहिनी : आखातासाठी बनवलेल्या जर्मन गाडीत रेडिएटर, पंखे, एसी सगळं इथल्या उन्हाच्या बेताने येतं की.

भाऊजी : येतं. म्हणूनच हराजवर, जुन्या गाड्यांच्या बाजारात, स्वस्तात दिसणारी अमेरिकेहून आलेली गाडी घेऊ नका, हे माझ्याकडून लिहून घ्या. पण आखाती असली तरी वॉरंटी संपल्यावर काय? एजन्सीचं बिल बघून लोक सनइयात, गॅरेजांच्या वस्तीत, जातात. सनइयातला मेकॅनिक म्हणतो, पार्ट तशलीहमधून, भंगारातून, घेऊन या. मग तुम्ही शनिवारी सकाळी भंगारातल्या थ्री सिरीजांच्या रांगेत उभ्या राहून वॉटर पंप शोधणार. शाळेतल्या बाईंना हे शोभेल का?

वहिनी : मी नाही, तुम्ही शोधणार. दीर कशाला असतात?

इथे भावाने ताटातली कोशिंबीर संपवली. तो उत्तर शोधत असला की आधी कोशिंबीर संपवतो.

भाऊजी : बरं, ॲव्हरेज बघा. हायब्रिड लिटरला अठरा देते.

वहिनी : थांबा, कागद आणते. हं. वर्षाला वीस हजार किलोमीटर धरू. तुमची ईएस अकराशे लिटर पिणार, ९१ ऑक्टेनचं पेट्रोल, २.१८ रियाल दराने चोवीसशे रियाल. माझी ३२०आय शंभराला आठ लिटर धरा, म्हणजे सोळाशे लिटर. तिला ९५ चं लागतं, २.३३ दराने सदतीसशे. फरक तेराशे रियालांचा, तोही अख्ख्या वर्षाचा. माझी आणि दोन पोरांची डिपेंडंट फी महिन्याला बाराशे रियाल जाते, भाऊजी. तुमची हायब्रिड वर्षभर राबून एका महिन्याची फी वाचवणार.

हा हिशेब मी दोनदा तपासला, बरोबर होता. पेट्रोलचे हे दर जुलै २०२१ मध्ये सरकारने गोठवले आणि ते तिथेच आहेत. २०१५ पर्यंत ९५ चं पेट्रोल साठ हलालाला, म्हणजे ०.६० रियालला, होतं, त्या मानाने ते चौपटीच्या घरात गेलंय, तरी पुण्याहून कुणी पाहुणा आला की पंपावरचा आकडा बघून हळहळतो. डिपेंडंट फीचं, म्हणजे सोबत आणलेल्या कुटुंबामागे भरायच्या शुल्काचं, उलटं. जुलै २०१७ मध्ये ती माणशी महिना शंभर रियाल होती, २०२० मध्ये चारशे झाली. या तीन वर्षांत ओळखीची कितीतरी कुटुंबं पुण्या-नाशिकला परतली आणि कर्ते पुरुष तीन-तीन जण मिळून एका फ्लॅटमध्ये राहू लागले. जे कुटुंबासह इथे टिकले, त्यांच्यासाठी पेट्रोल हा खर्चाचा मुद्दा राहिलेलाच नाही. युरोपात गाडी निवडताना जो प्रश्न पहिला येतो तो इथे पाचवा-सहावा येतो, आणि डिझेल हा प्रश्न तर येतच नाही. ते ट्रकवाल्यांचं.

भाऊजी : ठीक आहे, पेट्रोल सोडा. जागा बघा. ईएसच्या मागच्या सीटवर आई पाय पसरून बसेल.

वहिनी : आई वर्षातून एकदा येतात. मी रोज शाळेच्या फाटकाशी गाडी लावते. हे बघा.

तिने ओट्यावरचं लाटणं उचललं आणि जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं.

वहिनी : ईएस ४.९८ मीटर. थ्री सिरीज ४.७१. मधला फरक सत्तावीस सेंटिमीटर, म्हणजे हे लाटणं, मुठीचं टोक सोडून. आमच्या पार्किंगमध्ये दोन सबर्बनच्या मधे जी जागा उरते, तिथे या लाटण्यावर सगळं ठरतं. माझी उंची पाच फूट एक इंच. ईएसमध्ये बसून बघितलं मी खोबरला. सीट पूर्ण वर घेतली तरी नाक कुठे संपतं कळत नाही. कॅमेरे आहेत हो, कॅमेरे आहेत. पण मला डोळ्याने दिसायला हवं. थ्री सिरीजमध्ये सीट खाली असून बोनेटच्या दोन्ही कडा दिसतात, स्टिअरिंग छातीपर्यंत ओढता येतं आणि पाय सरळ न ताणता ब्रेक पूर्ण दाबला जातो. तुमची गाडी साडेपाच फुटी माणसाने साडेपाच फुटी माणसासाठी बनवलेली आहे.

खरं सांगायचं तर गाडीविषयी इतकी वर्षं ऐकलेल्या पुरुषी चर्चेत हा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता. आम्ही हॉर्सपॉवर बोलतो, रीसेल बोलतो, सनरूफ बोलतो. ब्रेकच्या पेडलवर टाच टेकते की नाही, हे कुणी विचारत नाही. भावाने लाटणं हातात घेऊन उगाचच उलटंसुलटं पाहिलं.

भाऊजी : मग आयएस घ्या. लेक्ससच आहे, थ्री सिरीजएवढीच आहे, मागच्या चाकांवर चालते.

वहिनी : आयएस २०१३ ची, भाऊजी. तोंडाला रंग लावत लावत चाललीय. मागच्या सीटवर मोठ्याचे गुडघे पुढच्या सीटला लागतात, आणि तो अजून वाढतोय.

भाऊजी : जुनी म्हणजे सगळे दोष निघून गेलेली. आमच्याकडे याला गुण म्हणतात. आणि मागची चाकं, पुढची चाकं याचं तुम्हाला एवढं काय पडलंय? जुबैल ते दम्माम रस्ता सुतात ओढल्यासारखा सरळ. वळायचंय कुठे?

वहिनी : वळायचं रस्त्यामुळे नसतंच. मागच्या हिवाळ्यात दम्मामहून येताना पुढच्या ट्रेलरचा टायर फुटला आणि हातभर रुंद रबराची पट्टी माझ्या लेनमध्ये आली. एकशेवीसवर होते. उजवीकडे टँकर, डावीकडे मागून दिवे मारत येणारी लँडक्रूझर. कॅमरी वाकली, तिरपी झाली, मग सावरली. त्या दोन सेकंदांत गाडी माझं ऐकतेय की नाही हे मला कळत नव्हतं. मला गाडीने ऐकायला हवंय, एवढंच. त्याचे पैसे मोजायला मी तयार आहे.

भाऊजी : हे मला सांगितलं नव्हतंत.

वहिनी : तुमच्या दादालाही नव्हतं सांगितलं.

मलाही नव्हतं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग धाकट्याने पापड मागितला आणि गाडी पुढे सरकली.

भावाच्या बाजूने इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या दोन सेकंदांचं श्रेय चेसिसइतकंच टायरला असतं, आणि आमच्या कॅमरीचे टायर तेव्हा चौथ्या उन्हाळ्यातून गेलेले होते. टायरवर चार आकड्यांत छापलेला तारखेचा शिक्का, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, इथे जितक्या वेळा वाचावा तितका थोडा. भावाने हे नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं. वहिनीला सांगायची त्याची छाती झाली नाही.

इस्टेटीचा विषय निघाला तो आंब्याच्या डब्यावरून. म्हणजे हवाबंद डब्यातल्या आमरसावरून, इथे मे महिन्यात तोच आधार.

भाऊजी : आणि ते इस्टेटीचं काय खूळ? डिकी तर आहेच. थ्री सिरीजची ४८० लिटर आणि तिच्या इस्टेटीची ५००. वीस लिटरसाठी एवढा आटापिटा?

वहिनी : वीस लिटर सीटा उभ्या असताना. पाडल्या की १,५१०. आणि नुसती काच वेगळी उघडते, अख्खं दार न उघडता भाजीची पिशवी आत टाकता येते. बाबांकडे टाटा इस्टेट होती, माहितीये ना?

भाऊजी : लग्नात बघितली. तोवर तिचा मागचा वायपर गेलेला होता.

वहिनी : १९९२ ची गाडी ती, पुण्यातच बनलेली. मागून बघितलं तर मर्सिडीजच वाटायची. गणपतीत कोकणात जाताना मागे मखर, मोदकपात्र, आजीची कमोडची खुर्ची आणि मी. वरंध्याला तिला दम लागायचा, पण सामान मावलं नाही असं कधी झालं नाही. आणि थ्री सिरीजच्या इस्टेटीची गोष्ट तर त्याहून भारी आहे. बीएमडब्ल्यूमध्ये मॅक्स राइसबॉक नावाचा इंजिनिअर होता. पोरं वाढली, सुट्टीचं सामान गाडीत मावेना, आणि कंपनी तर थ्री सिरीजची इस्टेट बनवत नव्हती. या गड्याने मागून ठोकलेली एक थ्री सिरीज विकत घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये छप्पर कापून स्वतःच इस्टेट बनवली. साहेबलोकांनी बघितली, आवडली, आणि १९८७ मध्ये कंपनीने ती टूरिंग म्हणून बाजारात आणली.

भाऊजी : आमच्या प्लांटमध्ये त्याने परवानगीशिवाय काही कापलं असतं तर गेटपास जमा झाला असता. पण वहिनी, सौदीत रस्त्यावर इस्टेट किती दिसतात? एखादी ऑडी आरएस-सिक्स दिसते, ती हौशी पोरांची. सामान न्यायचं तर इथला माणूस सबर्बन घेतो, वाळूत जायचं तर लँडक्रूझर. तुम्ही आरएक्स घ्या, लेक्ससचीच.

वहिनी : उंच गाडी नको. पट्टी आठवते मला ती.

इस्टेट युरोपात का रुजली आणि इथे का नाही, याचं उत्तर माझ्या मते खिशात आणि रस्त्यात आहे. तिथे पेट्रोल महाग, गाडीवरचे कर कडक, गावातले रस्ते अरुंद आणि मोठे रस्ते वेगवान. जड, उंच गाडीचा दंड रोज भरावा लागतो, म्हणून सेडानचीच पाठ लांबवलेली गाडी शहाणपणाची ठरते. इथे तो दंडच नाही. शिवाय थंडीत वाळवंटात चूल मांडून बसायची, कश्त्याची, इथली चाल घरोघर आहे, आणि तिथे पोट घासणारी गाडी कामाची नाही. भारतातही इस्टेट रुजली नाही. टाटा इस्टेट गेली, बलेनो अल्टुरा गेली, इंडिगो मरिना गेली. आपल्याकडे मागे लांब गाडी दिसली की लोकांना रुग्णवाहिका आठवायची, हे मी स्वतः सासऱ्यांच्या गाडीबद्दल ऐकलेलं आहे.

भाऊजी : बाहेरून मागवणार असाल तर पाच वर्षांच्या आतली हवी, त्याहून जुनी इथे घेत नाहीत. आणि जर्मनीच्या थंडीसाठी बांधलेली गाडी आणून तिला जुबैलचं खारं वारं पाजायचं? एजन्सीने हात लावला नाही तर?

वहिनी : म्हणून तर 'मिळाली तर' म्हटलं मी.

चहा झाला तेव्हा खरा विषय निघाला, फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जाण्याचा. तो निघणार हे मला माहीत होतं, कारण तो दर मोठ्या खरेदीला निघतो. वॉशिंग मशीनलासुद्धा निघाला होता.

भाऊजी : वहिनी, स्पष्ट बोलू का? ही गाडी आपल्याला भारतात नेता येणार नाही. डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी तिकडे आत घेत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी फायनल एक्झिट लागेल, त्या दिवशी ती विकलेलीच पाहिजे. नावावर गाडी असली तर एक्झिट निघतच नाही. आणि नोटीस मिळाली की साठ दिवसांत घर, फर्निचर, शाळेचे दाखले, सगळं एकदम. त्या घाईत लेक्सस चार दिवसांत जाते. जर्मन गाडीला गिऱ्हाईक येतं, बोनेट उघडतं, सर्व्हिसच्या पावत्या मागतं आणि निम्म्या किमतीला मागून निघून जातं. समजा दोन लाखांची गाडी घेतली, वर पंधरा टक्के व्हॅट, तीस हजार गेलेच. तीन वर्षांनी काय हातात उरेल? तेवढ्यात वाकडच्या फ्लॅटचे किती हप्ते जातात ते बघा.

वहिनी : फायनल एक्झिट. आम्ही आलो तेव्हा तुमचे दादा म्हणाले होते, दोन वर्षं. धाकटा झाला तेव्हा म्हणाले, आणखी दोन वर्षं. पडदे घेतले नाहीत, का? जायचंय. बाग केली नाही, जायचंय. कॅमरी घेतली, का? लवकर विकता येते. भाऊजी, या घरातली एकेक वस्तू ती कितीला विकली जाईल हे बघून आणलेली आहे. आणि आज पोरगा दहावीला आला.

भाऊजी : म्हणून काय पैसे उधळायचे?

वहिनी : पैशाचंच बोलायचं तर दुसरी कॅमरी घेऊ. नाहीतर कोरोला. तुम्ही लेक्सस सुचवता, तेव्हा तुम्हीही हौसच करताय. फक्त तिच्यावर हिशेबाची इस्त्री मारून.

या वाक्यावर भाऊ हसला, पण थोडा उशिरा. वाक्य लागलं होतं. मला वाटतं, या अख्ख्या वर्गातल्या गाड्यांचं वर्म तिथेच आहे. कॅमरीच्या पायावर बांधलेली ईएस घेताना जी जादा रक्कम मोजतो, ती शांततेची, चामड्याची, बिल्ल्याची. थ्री सिरीजला मोजतो ती स्टिअरिंगची आणि बिल्ल्याची. सी-क्लासला मोजतो ती डॅशबोर्डची आणि बिल्ल्याची. आताच्या सी-क्लासच्या सी-२०० ला दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, हे कळल्यावर इथले जुने लोक अजूनही खात्री करायला बोनेट उघडतात.

भाऊजी : मराठी माणूस गाडीवर पैसा घालत नाही, वहिनी. जमिनीवर घालतो.

वहिनी : औरंगाबाद विसरलात? २०१० च्या ऑक्टोबरात दीडशेच्या आसपास मर्सिडीज एका झटक्यात घेतल्या त्या लोकांनी.

भाऊजी : ती हौस नव्हती हो, तो सौदा होता. सगळ्यांनी मिळून कंपनीशी घासाघीस केली, स्टेट बँकेकडून सात टक्क्यांनी कर्ज काढलं, आणि शहराचं नाव जगात केलं ते वेगळंच. तुम्ही जुबैलमधल्या वीस मराठी घरांना थ्री सिरीज घ्यायला लावा, मी स्वतः एजन्सीत बोलणी करायला येतो.

वहिनी : सगळे लेक्सस घेतात. तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना.

ते खरं आहे.

मला मात्र ऐकता ऐकता एक गंमत दिसायला लागली होती. उद्या जायचंय म्हणणारा भाऊ गाडी सुचवत होता पंधरा वर्षं टिकणारी. आणि आपण इथेच राहतोय हे मान्य करा म्हणणारी बायको निवडत होती अशी गाडी, जी वॉरंटीत असेपर्यंतच निर्धास्त चालवावी. दोघांनी गाड्यांची अदलाबदल केली असती तर तर्काला धरून झालं असतं. मी हे बोलून दाखवलं. भाऊ म्हणाला, लेक्सस तीन वर्षांनी विकली तरी कमी तोटा आणि पंधरा वर्षं ठेवली तरी कमी तोटा, तेव्हा अदलाबदलीचा प्रश्नच नाही. पैशाच्या बाजूने त्याचं बरोबर आहे, आणि बायकोनेही ते नाकारलं नाही. तिचा मुद्दा पैशाचा नव्हताच. पहिल्या पोळीपासून नव्हता.

विजेच्या गाड्यांचाही विषय निघाला, पण पाच मिनिटं. टेस्ला एप्रिल २०२५ मध्ये सौदीत आली, ल्युसिडचा जेद्दाजवळ किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत २०२३ पासून कारखाना आहे, बीवायडीची शोरूम आहेत. पण आम्ही राहतो ती इमारत कंपनीच्या मालकीची, चार्जर लावायला अर्ज करायचा तर नोकरीच्या अर्जापेक्षा लांब. विषय संपला.

शेवटी तोडगा भावानेच काढला. नवी नको. दोन वर्षांची, आखाती, कमी चाललेली, एजन्सीच्याच जुन्या गाड्यांच्या विभागातली ३२०आय. पहिला मोठा तोटा पहिल्या मालकाने सोसलेला, वॉरंटी थोडी शिल्लक, सर्व्हिसच्या नोंदी एका जागी. वॉरंटी संपायच्या आधी विकायची, अशी वर अट. वहिनीने अट मान्य केली. वॉशिंग मशीनच्या वेळीही तिने अशीच एक अट मान्य केली होती, ते मशीन अजून आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही खोबरला गेलो. भावाने प्लांटमध्ये पाइपांच्या रंगाची जाडी मोजायचं असतं तसलं छोटं यंत्र खिशातून काढलं आणि पत्र्यावर टेकवत गाडीभोवती फिरला. छप्पर एकशेवीस मायक्रॉन. बोनेट एकशेपंचवीस. पुढची दारं तशीच. मागचं डावं दार दोनशे नव्वद.

"हे दार परत रंगवलंय," तो सेल्समनला म्हणाला.

सेल्समन म्हणाला, पार्किंगमध्ये ओरखडा गेला होता, बाकी काही नाही. भावाने नज्मचा, म्हणजे अपघाताचा, रिपोर्ट मागितला. तो नव्हता. अपघाताचा कागद असल्याशिवाय इथला गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही, त्यामुळे कागद नाही म्हणजे बहुधा ओरखडाच. तरी त्याने दाराच्या कडेचं रबर सोडवून आतले वेल्डिंगचे ठिपके बोटाने चाचपले, बिजागरीच्या बोल्टांवर पाना लागल्याची खूण आहे का तेही पाहिलं. खूण नव्हती. तोवर बायको आत बसून सीट लावत होती. तिने आरसा खाली केला, स्टिअरिंग ओढलं, ब्रेक पूर्ण दाबला आणि माझ्याकडे न बघता मान हलवली.

मग भावाने डिकी उघडली, तळाची फळी उचलली.

भाऊजी : वहिनी, स्टेपनी कुठाय?

वहिनी : नसते. रनफ्लॅट टायर आहेत. पंक्चर झालं तरी ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जाते.

भाऊजी : रियाध चारशे किलोमीटर आहे! हुफूफच्या पुढे झालं तर? पंपावरच्या टायरवाल्याकडे कॅमरीचा टायर मिळतो, पिकअपचा मिळतो. पुढे वेगळ्या मापाचा आणि मागे वेगळ्या मापाचा रनफ्लॅट तो कुठून देणार? नाही नाही. स्टेपनी घ्यायची. जॅक, पाना, पाण्याचे दोन कॅन.

वहिनी : आणि ठेवायचं कुठे? खाली खड्डाच नाही.

भावाने टेप काढला. स्टेपनी आडवी टाकली तर वर किती उंची उरते ते मोजलं, उभी केली तर सीटच्या पाठीला किती लागते ते मोजलं, मग आईच्या मोठ्या बॅगेचं माप आठवून बोटांवर काहीतरी जुळवलं. सेल्समन घड्याळ बघत होता.

भाऊजी : नाही बसत. छप्पर मागेपर्यंत असतं तर बसलं असतं. स्टेपनी उभी, बॅग वर. वहिनी, पाच वर्षांच्या आतली टूरिंग जर्मनीहून आणायला काय लागेल, काढू का हिशेब?

वहिनी : काढा. पण आधी आर्‍हेनियसला विचारून घ्या.